उरलेली अर्धी ट्यूब

शेळीच्या सडात सोडायची ट्यूब आमच्या दवाखान्यात कधी आली नाही. यायची ती गाईची. पांढरी, प्लास्टिकची, पुढे निमुळतं तोंड, त्यावर टोपण. आतलं औषध गाईच्या एका सडाच्या बेताचं. गाईची कास घागरीएवढी आणि शेळीची तांब्याएवढी, तेव्हा शेळीला अर्धी पुरते हे कुणी शिकवावं लागत नाही. माझे वरिष्ठ अर्धीच द्यायचे, मीही अर्धीच देऊ लागलो. उरलेली अर्धी मी टोपण लावून शर्टाच्या खिशात ठेवायचो, पुढच्या शेळीसाठी. ट्यूबवर ‘एकदाच वापरा’ असं छापलेलं असतं. ते आम्ही गाईपुरतं धरलं होतं.

संपादकांनी माझ्याकडे दवाखान्यातले गमतीदार किस्से मागितले होते. ते आहेत माझ्याकडे. डेंग्यूच्या दिवसांत नाशिकहून थर्मास घेऊन शेळीचं दूध शोधत आलेले एक गृहस्थ मला म्हणाले होते, “डॉक्टर, हे दूध शुद्ध आहे असं लेटरहेडवर लिहून द्या, पेशंट इंजिनिअर आहे.” एका निवृत्त मास्तरांनी शेळीच्या तापाचा तक्ता वहीत आखला होता आणि दर रविवारी तो माझ्याकडून तपासून सही घ्यायचे. असे दहा-बारा किस्से लिहून मी मोकळा होऊ शकलो असतो. लिहायला बसलोही होतो. पण कागदावर दर वेळी हेच येत गेलं, म्हणून हेच पाठवतो आहे. गावाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. माझं मात्र वर छापलेलंच आहे.

आधी एक खुलासा. मी डॉक्टर नाही. मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर म्हणजे दवाखान्याच्या मॅडम, पदवी घेतलेल्या. त्यांच्याकडे तीन दवाखान्यांचा कारभार, त्यामुळे गावात जाऊन जनावराच्या पोटाखाली बसणारा माणूस मी. सिन्नर तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मला सगळे डॉक्टरच म्हणतात. पहिली एक-दोन वर्षं मी चूक दुरुस्त करायचो, पुढे सोडून दिलं. डॉक्टर म्हटलं की आपण सांगितलेलं लोक खरं धरतात. ते मला आवडत होतं, हेही इथेच सांगून टाकतो.

आता कासेबद्दल. शेळीला दोन सड. सडाच्या टोकाला बारीक भोक असतं आणि ते एरवी घट्ट मिटलेलं असतं. दूध काढलं की पुढे अर्धा-पाऊण तास ते जरा सैल राहतं. म्हणून दूध काढल्याबरोबर जनावराला खाली बसू देऊ नये, पुढ्यात चारा टाकावा म्हणजे ते उभं राहतं. त्या भोकातून जंतू आत शिरले की कास सुजते, तापते, दुधात गुठळ्या येतात. त्याला आम्ही कासदाह लिहितो आणि लोक दगडी म्हणतात, कारण कास हाताला दगडासारखी लागते. जंतूंची दगडी असेल तर ट्यूबनं बरी होते. पण क्वचित आत बुरशी शिरते. बुरशीला ट्यूबमधलं औषध काही करत नाही. उलट आतले बाकीचे जंतू मारून तिला रान मोकळं करून देतं. मग आमच्यासारखा माणूस बघतो की कास उतरत नाही, म्हणून आणखी ट्यूब सोडतो. ती वाढते. तो पुन्हा सोडतो.

ही बुरशी बहुतेक वेळा आपल्या पायानं आत जात नाही. तिला कुणीतरी आत नेऊन सोडतं.

ज्या गल्लीची ही गोष्ट आहे तिथे पंधरा-सोळा घरं होती आणि जवळजवळ प्रत्येक दारात दोन-तीन संगमनेरी शेळ्या. बायका सकाळी साडेसहाच्या जीपनं कामाला जायच्या. काही एमआयडीसीत पॅकिंगला, काही कांद्याच्या वावरात. शेळ्यांचं दूध काढायला त्यांना वेळ नसायचा, म्हणून गल्लीची एक रीत पडली होती. सगळ्या शेळ्यांचं दूध गयाबाई काढायच्या.

गयाबाई तेव्हा पंचावन्नच्या असतील. नवरा वारलेला, एकच मुलगी सुनीता, ती लग्न होऊन कळवणला गेलेली. सकाळी हातात कडीचा डबा घेऊन त्या एका टोकानं निघायच्या आणि दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत गल्ली दोहून व्हायची. प्रत्येक घरचं दूध त्या घरच्या पातेल्यात झाकून ठेवायचं आणि पेलाभर आपल्या डब्यात घ्यायचं, एवढाच मोबदला. शेळी लाथाडणारी असो की पहिलटकरीण, गयाबाईंनी पाठीवर हात ठेवला की उभी राहायची. मी स्वतः इंजेक्शन देताना त्यांना हाक मारायचो. “धरा हो मावशी जरा.” त्या शेळीला म्हणायच्या, “उभी राहा गं, त्यांनाबी घर हाय, पोरंबाळं हायेत.” बायका म्हणायच्या, गयामावशीच्या हाताला दूध हाय.

हे बोलणं लक्षात ठेवा. हाताला गुण असतो, हे त्या गल्लीत हवेपाण्याइतकं साधं होतं. आणि ज्याला गुण असतो त्याला अवगुणही असू शकतो, हेही त्यातच आलं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस लांबला होता, गोठ्यातली जमीन वाळतच नव्हती. गणपती गेल्यावर गल्लीतल्या तीन शेळ्यांना दगडी झाली. मी गेलो, एकीला अर्धी ट्यूब दिली, टोपण लावलं, दुसरीला उरलेली अर्धी दिली. तिसरीसाठी नवीन फोडली आणि तिची अर्धी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी खिशातली अर्धी चौथ्या शेळीला. दवाखान्यात ट्यूबा मोजक्या येत होत्या आणि मी त्या पुरवून वापरतो याचं मला कौतुक होतं. मंदाताई म्हणून गल्लीतल्या बचत गटाच्या अध्यक्ष होत्या, तोंडानं फटकळ. त्या एकदा सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, “आमचा डॉक्टर औषधाचा थेंब वाया घालवत नाय. पहिला होता त्यानं बाटल्याच्या बाटल्या ओतल्या.” ते ऐकून मी दोन दिवस सुखात होतो.

ट्यूबचं तोंड मी पुसायचो. अगदीच गबाळा नव्हतो. स्पिरिटचा बोळा फिरवायचो, नसेल तेव्हा रुमालाच्या स्वच्छ कोपऱ्यानं. पण आजारी सडात एकदा आत जाऊन आलेलं ते तोंड, घामट खिशात रात्रभर पडलेलं, आणि आत शिल्लक औषध. पुसून काय होणार होतं? हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर उत्तर मला येत होतं.

आठवड्याभरात पहिल्या तीनपैकी एक बरी झाली. बाकीच्यांची सूज हलेना. कास गरम नव्हती पण भरीव, आणि दूध पातळ, राखाडी, त्यात कण. मी ट्यूब बदलली, दुसऱ्या औषधाची आणली, तीही अर्धी-अर्धी. आणखी कुणा शेळीची कास ओलीनं जरा सुजली की मी ट्यूब सोडायचो आणि तीही तशीच होऊन बसायची. नऊ झाल्या. दोन शेळ्यांनी चारा सोडला. आता मी घाबरलो आणि मॅडमना फोन केला. त्या आल्या, त्यांनी स्वतः हात धुऊन, सड पुसून, पहिली धार टाकून निर्जंतुक बाटल्यांत दुधाचे नमुने घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले. जाताना म्हणाल्या, “अहवाल येईपर्यंत एकही ट्यूब सोडू नका. दिवसातून चारदा नुसतं पिळून काढायला सांगा.”

त्याच दुपारी पाण्याच्या टाकीजवळ बायकांनी मला गाठलं. कामाचा खाडा करून थांबल्या होत्या. दहा-बारा जणी होत्या आणि मागे, जरा बाजूला, डबा घेऊन गयाबाई.

मंदाताईंनी सरळ विचारलं, “डॉक्टर, ह्ये कशानं होतंय त्येवढं सांगा. औषध तर तुमी रोज देताय.”

मला तेव्हा पक्कं माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण मॅडमनी नमुने घेताना एकेका शेळीचा तपशील विचारला होता, कुणाला कधी ट्यूब दिली म्हणून, आणि मी सांगत असताना माझ्याच कानांना ती यादी ऐकू आली होती. ज्यांना उरलेली अर्धी दिली त्या सगळ्या बिघडल्या होत्या. ज्यांना दिली नव्हती त्यांतली एकही नाही. माझा हात खिशाकडे गेला होता आणि मी तो मागे घेतला होता.

बायका वाट बघत होत्या. मी म्हणालो, “याची कारणं पुष्कळ असतात. पण दूध काढणाऱ्याचे हात स्वच्छ पाहिजेत. एकाच हातानं सगळ्यांचं काढलं की एकीचं दुसरीला लागतं.”

यातला शब्दन् शब्द पुस्तकात आहे. परीक्षेत लिहिला तर पूर्ण गुण मिळतील. खोटं बोलायचं ठरवलं असतं तर कदाचित मी अडखळलो असतो. पण हे खरं वाक्य होतं, म्हणून ते सहज निघालं.

दोघी-तिघींनी मागे वळून पाहिलं. गयाबाईंनी डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. मी मोटरसायकलला किक मारली.

आठ-दहा दिवसांनी अहवाल आला. सातपैकी सहा नमुन्यांत यीस्ट जातीची बुरशी. मॅडमनी मला खुर्चीत बसायला सांगितलं. एरवी आम्ही उभ्यानं बोलायचो. म्हणाल्या, “ही बुरशी हातानं अशी ओळीनं पसरत नाही. औषध सोडताना आत जाते. ट्यूब कशी देत होता?”

मी म्हणालो, “नियमाप्रमाणे.”

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग अहवालाला टाचणी लावली आणि म्हणाल्या, “बरं.” पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली. त्या ‘बरं’मध्ये त्यांना काय काय समजलं होतं, ते मी कधी विचारलं नाही.

त्या दिवसापासून मी अर्धी ट्यूब दिली नाही. एकदाही नाही. एका सडाला एक ट्यूब, शिल्लक राहिली तर तिथंच फेकायची. स्पिरिटच्या बोळ्यांची डबी सोबत ठेवू लागलो, तरुण पोरांना ओरडू लागलो. तालुक्यात माझ्या हातच्या कासा बऱ्या होतात असं नाव झालं आणि ते खोटं नाही. सुधारलो मी. फक्त त्या गल्लीत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही. आधी वाटलं शेळ्या बऱ्या होऊ देत, मग सांगू. नऊपैकी सहांची एकेक बाजू कायमची आटली. दोन कसायाकडे गेल्या. त्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं. मग वाटलं, लोक विसरले असतील. नोकरीचीही भीती होती. पण खरी भीती ती नव्हती. मला ‘आमचा डॉक्टर’ राहायचं होतं.

गयाबाईंना कुणी हाकललं नाही, हे सांगायला हवं. भांडण नाही, शिवी नाही. मंदाताईंनी त्यांना म्हटलं, “मावशी, आता तुमालाबी कुठं एवढं वाकायला हुतंय. ऱ्हाऊ द्या.” एक-एक घर सकाळी लवकर उठून आपलं आपण काढू लागलं. कुणी सुनेला शिकवलं, कुणी शेळ्याच विकल्या. पुढे मी लसीकरणाला गेलो तेव्हा शेळी धरायला दुसरीच बाई आली. मी विचारलं, गयामावशी कुठंयत? ती हळूच म्हणाली, “नको डॉक्टर, त्यांचा हात लागला की कास जाती.”

माझं वाक्य वर्षभरात असं झालं होतं. मी स्वच्छतेबद्दल बोललो होतो, गल्लीनं ते हाताच्या गुणात जमा केलं. मी तेव्हा तिला म्हणू शकलो असतो, असं काही नसतं बाई. मी सुई भरली.

सात वर्षं अशी गेली. मला वाटलं होतं जातील उरलेलीही.

या वर्षी उन्हाळ्यात पशुसखींचं एक प्रशिक्षण झालं. पशुसखी म्हणजे गावातल्याच बायका, शेळ्या-कोंबड्यांच्या प्राथमिक उपचाराचं शिकवून गावात काम करणाऱ्या. कासदाहावर बोलायला मला बोलावलं. प्रात्यक्षिक संपल्यावर सुरगाण्याकडची एक मुलगी उठली. नाव आता आठवत नाही, चोवीस-पंचवीसची असेल. तिनं विचारलं, “सर, शेळीला अर्धी ट्यूब दिली तर चालते का? आमच्याकडं सगळे अर्धीच देतात.”

मी म्हणालो, चालत नाही. ती म्हणाली, का? मग मी सांगितलं. सगळं सांगितलं, खिसा, रुमाल, नऊ शेळ्या, अहवाल, दूध काढणारी बाई. फक्त म्हणालो, “आमच्या खात्यात एक जण होता.” वर्ग ऐकत होता. मला जरा बरंही वाटत होतं, सांगून टाकल्यासारखं.

ती मुलगी उभीच होती. तिनं विचारलं, “मग त्या बाईला सांगितलं का त्यांनी, नंतर?”

मी म्हणालो, “ते मला माहीत नाही.” आणि चहाची सुट्टी जाहीर केली.

त्यानंतर पाच दिवसांनी मी त्या गावाला गेलो. रजा टाकून गेलो, दवाखान्याची बॅग न घेता. आधी मंदाताईंकडे गेलो, कारण गल्लीनं ज्यांचं ऐकलं होतं त्यांना कळलं पाहिजे असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर गयाबाईंच्या दारात जायला जितका उशीर होईल तितका हवा होता. मंदाताईंचे केस आता पांढरे झाले आहेत. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, म्हातारीसाठी तुमी अंगावर घेताय, मन मोठं हाय तुमचं. पण आमी कुठं तिला कधी वाईट बोललो?” मी पुन्हा सांगितलं, खिशातली ट्यूब, कागदावर आलेली बुरशी. त्या म्हणाल्या, “बरं बरं. चहा घ्या.” त्यांना ते पटलं नाही. त्या दिवशी टाकीजवळ मी एकदाच बोललो होतो तेवढ्यावर पटलं होतं.

गयाबाई घराच्या ओट्यावर कांदे निवडत बसल्या होत्या. व्यापाऱ्याच्या साठवणीच्या चाळीतले कांदे घरी आणून निवडून देतात, बारीक वेगळा, मोड आलेला वेगळा. दावणीला शेळी नव्हती. मला बघून उठल्या, गोणपाट झटकून टाकलं, आत जाऊन चहा करून आणला. काळा चहा. “दूध नाय घरात,” म्हणाल्या.

मी घोटभर घेतला आणि सांगायला लागलो. मंदाताईंकडे एकदा सांगून झालं होतं, तरी शब्द नीट येईनात. त्या कांदे निवडता निवडता ऐकत होत्या. मधेच थांबल्या.

“म्हंजे तुमच्या नळीनं झालं?”

“हो.”

“माझ्या ढवळीलाबी?”

त्यांच्या स्वतःच्या दोन शेळ्या होत्या, त्यातली ही मोठी. कसायाकडे गेलेल्यांपैकी एक. म्हणालो, “तिलापण. तिला उरलेली अर्धी दिली होती.”

“आन् माझ्या हातात काय नव्हतं?”

“काही नव्हतं, मावशी. तुमचा हात सगळ्या शेळ्यांना लागत होता. बिघडल्या त्या फक्त मी ट्यूब दिलेल्या.”

त्यांनी तळहात उलटे करून पाहिले. कांद्याची सालं चिकटली होती, ती झटकली. म्हणाल्या, “धुण्याच्या सोड्यानं धुयाची मी. सालपटं निघायची. मला वाटलं आत काय तरी शिरलंय, वरून धुऊन जायाचं नाय.” मग, “तुमाला कवा कळलं?”

हा प्रश्न येणार हे मला घरून निघतानाच माहीत होतं. मोटरसायकलवर येताना त्याची दोन-तीन उत्तरं तयार केली होती. म्हणालो, “आठ-दहा दिवसांत. कागद आला तेव्हा.”

“त्याच साली?”

“त्याच साली.”

त्या मनाशी काहीतरी जुळवत होत्या. “म्हंजे दिवाळीच्या आधी.”

“हो, आधी.”

“सुनी बाळंतपणाला आली ती दिवाळी झाल्यावर,” त्या म्हणाल्या.

मला हे माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. सुनीताचं पहिलं बाळंतपण त्याच हिवाळ्यात, इथेच, या घरात झालं. मुलगी झाली. आमच्याकडे बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊमाखू घालायचं ते आजीनं, सव्वा महिना, रोज. अंगाला तेल चोळायचं, पायांवर पालथं घेऊन पाणी घालायचं, धुरी द्यायची. गयाबाईंनी ते केलं नाही. शेजारच्या एका बाईला बोलावलं आणि आपण मागच्या दाराशी चुलीवर पाणी तापवून उंबऱ्यातून आत सरकवत राहिल्या.

“ज्या हातानं शेळ्यांचं दूध गेलं,” त्या म्हणाल्या, “त्यो हात पोरीच्या अंगाला कसा लावायचा? तिला दूध उतरायचं हुतं. अंगावरचं पोर.”

गल्लीनं माझं वाक्य जसं ऐकलं तसंच त्यांनीही ऐकलं होतं. गल्लीला निदान थोडी शंका असेल. त्यांना नव्हती.

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली, मान हलवली, घेतली की नाही ते कळलं नाही. म्हणालो, मी सुनीताला फोन करून सांगतो, तुमच्यासमोर. त्यांनी आतून फोन आणला, बटणांचा, साधा. नंबर त्यांना पाठ होता. लावून त्यांनी माझ्याकडे दिला आणि पुन्हा कांद्याच्या ढिगापाशी बसल्या.

सुनीताला मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, “साहेब, आमी कुणी तिला नको म्हणालो नव्हतो. मी म्हणत हुते, आई तू घाल अंघोळ, मला त्या बाईचा हात जड लागतो. रडले बी मी. ती उंबऱ्याच्या आत आली नाय.”

मी म्हणालो, “त्यात तुमच्या आईची चूक नाही.”

“ते मला म्हाईत हाय,” ती म्हणाली. “तिला सांगा, सुट्टीत पोरीला धाडते. म्हणावं, न्हाऊ घाल तिला. रोज घाल.”

मी फोन ठेवला. गयाबाईंनी वर न बघता विचारलं, “काय म्हनली?”

मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मोड आलेला एक कांदा उचलला, मोड खुडला आणि वेगळ्या ढिगात टाकला.

“आठवं लागलं तिला,” त्या म्हणाल्या. “आता तिची ती न्हाती.”